दलालांचं स्वयंवर

बर्फाचा कारखाना असावा आपला, ऑगस्टची दुपार असावी, आणि आपणच यंत्रं बंद करून घाम पुसत बसलेलं असावं — एवढा मूर्खपणा जगात फक्त आमच्या टेक्ससमध्ये चालतो. त्या दिवशी मी माल चढवायच्या ओट्यावर बादली पालथी घालून बसले होते. मागे चारही कॉम्प्रेसर गप्प. समोर खाडी नुसती तापलेली, वाऱ्याचा पत्ता नाही. आणि इस्त्रीचा निळा शर्ट घातलेला एक माणूस पिकअपमधून उतरून सरळ माझ्या दिशेनं चालत आला.

शर्ट पाहिला आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. पलॅशस म्हणजे कोळंबीच्या बोटींचं गाव. इथे आठवड्याच्या मधल्या वारी इस्त्री करून घालणारे दोघंच, पाद्री आणि वीज विकणारे. पाद्र्याला मी ओळखत होते.

"नको," मी म्हणाले. "जे काय आणलंय ते नको."

"मी अजून काही बोललोच नाही…"

"बोलायची गरजच नाही. सकाळपासून फोनवर तुमचेच भाऊबंद आहेत. मॅडम, तुमचा करार सप्टेंबरअखेर संपतोय. मॅडम, आम्ही तुमचे पैसे वाचवतो. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा कुणी फोन करून विचारलं नाही, बाई गं, कशी आहेस. विजेचा करार संपायला आला, तर ह्यूस्टनपासून डॅलसपर्यंत सगळ्यांना माझी काळजी."

तो ओट्याच्या पायरीशीच थांबला, वर चढायची परवानगी नसल्यासारखा. "मिस हान्हची बोट आहे ना, तिला बर्फ हवाय. मी तिचा मुलगा, लाम." मग जरा घुटमळून म्हणाला, "आणि… खोटं कशाला बोलू. वीजही विकतो. ह्यूस्टनला. पण आज फक्त बर्फ."

ताकाला जाऊन भांडं लपवणारे मी पुष्कळ पाहिले होते. आधी भांडं दाखवून मग ताक मागणारा हा पहिलाच. पण म्हणून माझा राग उतरला असं समजू नका. मी दामारिस कांटू. आमच्या घरात राग सकाळी कॉफीबरोबर चढतो आणि रात्री दिव्याबरोबर उतरतो.

आता मी बादलीवर का बसले होते ते सांगते, म्हणजे तुम्हालाही थोडा राग येईल. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत दर महिन्याला एक पाव तास असा येतो, की सगळ्या टेक्ससनं त्या महिन्यातली सगळ्यात जास्त वीज नेमकी तेव्हा ओढलेली असते. त्या पाव तासात मोठ्या गिऱ्हाइकाची यंत्रं चालू सापडली, की पुढचं सबंध वर्ष त्याच्याकडून तारांचं भाडं जास्त घेतात. बरं, तो पाव तास कोणता? ते मागाहून कळतं. मग आम्ही काय करायचं? तर आभाळाकडे बघायचं, सरकारच्या नावानं बोटं मोडायची आणि दुपारभर कारखाना बंद ठेवायचा. बोटींना बर्फ हवा असतो तेव्हाच. आणि वर आम्हालाच सांगतात, तुम्ही किती नशीबवान, तुमच्याकडे वीज विकणारे पन्नास आहेत, हवा तो निवडा. तार एकाची, खांब एकाचे, वीज सगळी एकाच डबक्यातली. निवडायचं काय, तर कुणाच्या पत्रकावरचं हिरवं पान जास्त हिरवं आहे ते.

"चुरा हवाय," लाम म्हणाला.

"चुरा करायचं यंत्र संध्याकाळी सुरू होईल. तोवर थांबा, नाहीतर अख्खी लादी घेऊन जा."

त्यानं कपाळावर हात धरून ईशान्येकडे पाहिलं. ह्यूस्टनवर ढग चढलाय, तिकडे पाऊस लागला की लाखो एसी थंडावतात, तेव्हा तो पाव तास आज काही यायचा नाही, यंत्रं खुशाल सुरू करा, असं त्यानं मला शांतपणे समजावलं.

"तुम्हाला विचारलं?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही," असं म्हणून तो बाह्या वर सरकवायला लागला. "बर्फ फोडायची सळई आहे का?"

सळई होती, पापांची, म्हणजे माझ्या वडिलांची. हा कारखाना पापांनी उभा केला. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ते आतल्या खोलीत पंख्याखाली बसतात आणि दलालांचे फोन घेऊन करमणूक करून घेतात. त्या सळईला ते मलासुद्धा हात लावू देत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी ती खिडकीतून या परक्या माणसाच्या हातात दिली आणि मला डोळा मारला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लाम लहानपणी आईबरोबर बोटीवर राबलेला होता, ते हातांवरून कळत होतं. मनगटाला जरासा झटका, एक घाव, आणि लादी सरळ रेषेत दुभंगायची. शर्ट भिजला, केस कपाळावर आले. एक कपची उडून माझ्या गालावर बसली. मी ती पुसली नाही. उकडत होतं म्हणून पुसली नाही, दुसरं काही नाही.

संध्याकाळी कळलं की ह्यूस्टनला खरंच पाऊस झाला होता आणि मी दुपारभर यंत्रं उगाच बंद ठेवली होती. माणूस बरोबर निघाला, याचा मला रात्रभर त्रास झाला.

मग तो येतच राहिला. मिस हान्हचा बोटीवरचा गडी आजारी पडला होता, म्हणून हंगाम संपेपर्यंत हा आईच्या मदतीला आला होता. पहाटे जाळी, दुपारी पिकअपमध्ये बसून कानाला फोन, ह्यूस्टनच्या हॉटेलांना आणि धुलाईवाल्यांना वीज विकणं चालू. मिस हान्हला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. हा नेमकं काय विकतो ते मला अजून दिसलेलं नाही, असं ती सगळ्या धक्क्याला सांगायची.

बर्फ एका दिवसाआड लागतो. लाम रोज यायला लागला तेव्हा मी त्याला ओट्यावर अडवलं.

"एक अट आहे. इथे विजेचा विषय काढायचा नाही. दर नाही, करार नाही, ढगसुद्धा नाही."

"ढगही नाही?"

"ढग तर मुळीच नाही."

"मग बोलायचं कशावर?"

"बोलायलाच हवं का?"

तो खरोखर विचारात पडला. "नाही… नुसतं बसता येईल."

आणि खरंच, आम्ही नुसते बसायचो. कधी तो आईनं उकडलेली कोळंबी घेऊन यायचा, बरोबर लिंबू-मिरपुडीची वाटी. सोलायचा भराभर, पण सोललेली कोळंबी कागदाच्या माझ्याच बाजूला जमायची. मी म्हणायचे, तुझं तू खा. तो म्हणायचा, खातोय की. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं ते आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही, पापांच्या बरोबर आलं. एकदा खाडीवरून वादळ आलं, पत्र्यावर पाऊस असा कोसळायला लागला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येईना. आम्ही पत्र्याखाली मागे सरकत सरकत भिंतीला टेकलो. लामनं आभाळाकडे पाहिलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"काय?" मी त्याच्या कानाशी ओरडले.

"काही नाही," तो माझ्या कानाशी ओरडला. "अट आहे."

मी हसले. कित्येक दिवसांत अशी हसले नव्हते. त्याचा ओला दंड माझ्या दंडाला लागला होता, त्यानं तो काढून घेतला नाही, मीही घेतला नाही… पाऊस थांबला तरी आम्ही बराच वेळ भिंतीलाच टेकून होतो.

हे मी मुद्दाम सांगतेय. पुढे जे झालं, ते मला एवढं का लागलं ते कळावं म्हणून.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी लाम आला तो पिकअप लांब उभी करून. पुन्हा तो इस्त्रीचा शर्ट. चेहरा न झोपलेला.

"दामारिस, मी अट मोडतोय," तो म्हणाला. "आज दुपारी चारच्या आत नवा करार कर. माझ्याकडूनच कर असं नाही, कुणाकडूनही कर, पण आज कर. उद्यापासून उष्णतेची लाट येतेय, दोन मोठी वीजकेंद्रं अचानक बंद पडलीत. आजचा भाव उद्या नसेल."

हे बोलता बोलता त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. वर त्याच्या कंपनीचं नाव, खाली मी सही करायची रेघ.

"कुणाकडूनही," मी म्हणाले. "आणि कागद तेवढा तुझा."

"घाईत माझाच तयार होता…"

"मला वाटत होतं तू बर्फाला येतोस."

"बर्फालाच—" तो थांबला. "बर्फाला नव्हतो येत. तुला माहितेय."

"मला काय माहितेय? एवढे दिवस कोळंबी सोलून घालत होतास. गिऱ्हाईक पिकायची वाट बघत होतास का?" माझा आवाज चढला होता, धक्क्यावर माना वळल्या होत्या, मला त्याचं काही नव्हतं. "एवढंच सांग. या कागदात तुझा वाटा किती?"

तो गप्प झाला.

या धंद्याची ही रीतच आहे. चहात साखर विरघळवावी तसा दलालाचा वाटा विजेच्या दरात विरघळलेला असतो. गिऱ्हाइकाला दर दिसतो, वाटा दिसत नाही. जितकी वर्षं गिऱ्हाईक दिवा लावील तितकी वर्षं दलालाला तो मिळत राहतो. आणि कंपनीत पहिल्याच दिवशी शिकवतात, की किंमत सांगा, वाटा सांगू नका. सांगितलात तर घरी बसा. नवरे बायकांना सांगत नाहीत म्हणे. लामनं कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. बुटांकडे पाहत राहिला. त्यानं कितीही मोठा आकडा सांगितला असता तरी मी ऐकून घेतला असता. पण मूग गिळून गप्प बसलेला माणूस मला सहन होत नाही.

"जा," मी म्हणाले. "आईला सांग, बर्फाला तिनं यावं."

त्या दिवशी मी सही केली नाही. कुणाच्याच कागदावर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पापांनी भाव पाहिला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. लाम वाट्याबद्दल बोलला नव्हता, पण भावाबद्दल खरंच बरोबर बोलला होता. भाव असा चढला होता की त्या दरानं करार केला असता तर नाताळापर्यंत कारखान्याला कुलूप लागलं असतं. आणि करार नाही केला, तर ऑक्टोबरपासून रोज बाजार म्हणेल तो दर. म्हणजे नाताळचीही वाट बघायला नको. कारखाना गेला की बोटी बर्फासाठी दुसऱ्या बंदराला जाणार. तिकडे गेलेल्या बोटी कोळंबीही तिकडेच उतरवणार. मग या धक्क्यावर उरणार कोण, तर बगळे.

"त्याचं ऐकलं असतंस तर…" पापा म्हणाले.

"ऐकलं असतं. एक आकडा बोलला असता तर ऐकलं असतं."

"पोरगा खोटं तर नव्हता सांगत."

"खरंही नव्हता सांगत," मी म्हणाले, आणि दार आपटून बाहेर आले. मला कुणाचा जास्त राग आला होता ते मलाच कळत नव्हतं. उन्हाचा आला होता, बाजाराचा आला होता. भल्या माणसालाही तोंड शिवून घ्यायला लावणाऱ्या त्या धंद्याचा आला होता. आणि संध्याकाळ झाली की ओटा रिकामा दिसायचा, त्याचा तर असा यायचा की सांगता सोय नाही.

बर्फाला आता मिस हान्ह स्वतः यायची. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्यावर शंकूसारखी टोपी, माझ्याकडे बघायची ती कापायला काढलेल्या माशाकडे बघावं तशी. तीन-चार फेऱ्या तिनं बर्फ घेतला, पैसे मोजले आणि गेली. मग एकदा गाडीत बसता बसता म्हणाली, "तो जेवत नाही."

"मग मी काय करू?"

"काही नको करूस. माझी कोळंबी वाचतेय," ती म्हणाली, आणि धूळ उडवत गेली.

सप्टेंबरच्या मध्यावर उत्तरेकडून गार हवा आली आणि भाव थोडा उतरला. लामनं आणलेल्या कागदाइतका नाही, पण जीव वाचेल इतका. फोन तर मधमाश्यांसारखे सुटले. करार संपायला दोन आठवडे, गिऱ्हाईक कोंडीत सापडलेलं, यापेक्षा दलालाला आणखी काय हवं? तुम्हाला मोकळेपणानं निवडता यावं म्हणून तर ही स्पर्धा आहे मॅडम, असं त्यांच्यातला एक मला फोनवर म्हणाला. डॅलसचा होता तो, ट्रेंट नावाचा, बोलणं असं की कानात तेल घातल्यासारखं.

स्पर्धा. तो शब्द ऐकला आणि माझ्या मनात आलं, ठीक आहे, आज स्पर्धाच होऊ दे. मी फोन आपटला नाही. त्याला म्हणाले, शनिवारी सकाळी आमच्या ओट्यावर या. त्यानंतर ज्याचा ज्याचा फोन आला त्यालाही तेच सांगितलं, तीच वेळ, तोच ओटा. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच बोलावलंय.

शनिवारी सकाळी ओट्यासमोर गाड्यांची रांग लागली. इस्त्रीचे शर्ट एकमेकांना पाहून चपापत होते. पापांनी सगळ्या खुर्च्या बाहेर काढल्या होत्या आणि बेकरीतून गोड पाव मागवले होते, जणू घरात कार्य आहे. धक्क्यावर ही बातमी आधीच पोचली होती. बर्फाचा भाव विजेवर ठरतो, म्हणून बोटवाले काम टाकून आले होते, कुणी रस्सीवर बसलेलं, कुणी पिंपावर. मिस हान्हही आली होती. तिला घेऊन आलेला लाम मात्र लांब पिकअपलाच टेकून उभा राहिला, आणि मी त्याच्याकडे अजिबात पाहिलं नाही. जुना टी-शर्ट होता, गळ्याशी फाटलेला.

मी ओट्यावर उभी राहिले. राजाची मुलगी स्वयंवरात उभी राहते तशी, फरक इतकाच की माझ्या हातात माळ नव्हती, पापांची सळई होती.

"तुम्ही सगळे मला रोज सांगता, स्पर्धा आहे, फायदा घ्या," मी म्हणाले. "आज घेते. प्रत्येकानं आपला दर सांगायचा. आणि त्यात स्वतःचा वाटा किती तेही सांगायचं. इथे, सगळ्यांसमोर, मोठ्यानं. जो सांगणार नाही त्यानं पाव खावा आणि जावं."

अळीमिळी गुपचिळी. एकाला अचानक फोन आला आणि तो बोलत बोलत गाडीपर्यंत गेला आणि गाडीसकट गेला. दुसऱ्यानं घड्याळ पाहिलं. शेवटी ट्रेंट पुढे झाला. लहान मुलीला समजवावं तसं म्हणाला, "मॅडम, आमचा वाटा तुमच्या खिशातून जातच नाही. तो आम्हाला कंपनी देते."

"आणि कंपनीला कोण देतं?"

बोटवाले हसले. ट्रेंटचं हसू तसंच राहिलं, पण खालचा ओठ जरा हलला. असं कुणी विचारत नसतं, तो म्हणाला, असं केलंत तर एकही चांगला दलाल तुमच्या दारात उभा राहणार नाही. मी म्हणाले, राहू नका. आवाज तेवढा घट्ट ठेवला होता. हे सगळे उठून गेले असते तर माझ्या हातात काय उरलं असतं? ऑक्टोबर दारात होता. पापा खुर्चीच्या कडेवर बसून माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच मला भीती दिसली.

"मी सांगतो."

लाम पिकअपपासून चालत पुढे आला. माणसांनी वाट दिली. पायरीशी येऊन थांबला, वर चढला नाही.

"ऑगस्टमध्ये जो कागद आणला होता, त्यात माझा वाटा होता बारा डॉलरांमागे एक डॉलर," तो म्हणाला. "पाच वर्षं, दर महिन्याला."

धक्क्यावर कुजबूज झाली. वाटा लहान नव्हता.

"एवढा?" मिस हान्ह पिंपावरून उठलीच. "आणि मी डिझेलला पैसे मागितले की तुझं तोंड वाकडं होतं?"

सगळे खो खो हसले. लामचे कान लाल झाले, पण तो माझ्याकडेच बघत होता. "तू विचारलंस तेव्हा मला लाज वाटली. वाटा कमी असता तर सांगितलाही असता. आदल्या रात्री कमी करून लिहिणार होतो… मग वाटलं, ती लाच होईल. तुला वाटेल, मी तुझ्यासाठी काहीतरी सोडलं आणि त्याची परतफेड मागतोय. म्हणून नेहमीचाच ठेवला. आणि नेहमीचा आहे केवढा, ते तुझ्यासमोर उभं राहिल्यावर कळलं." तो थांबला. "आज दर ऑगस्टपेक्षा जास्त पडेल. वाटा तेवढाच लागेल. तो आजही कमी करत नाही, त्याच कारणानं."

मी सळई घट्ट धरून उभी राहिले.

"झालं पोराचं हात दाखवून अवलक्षण," मागून कुणीतरी म्हणालं. व्हिक्टोरियाहून आलेली बर्निस ऑस्ट्रँडर होती ती, साठी उलटलेली, पायात धावायचे बूट, हातात अर्धा पाव. "आता मी गप्प बसले तर मलाच पाव पचायचा नाही. ऐक मुली. विजेचा मूळ भाव माझाही याच्याइतकाच, पण त्यावर माझा वाटा तीस डॉलरांमागे एक. घर फिटलंय, मुलं पांगलीत, मला पुरतो. इतकी वर्षं कुणी विचारलं असतं तर सांगितलाही असता. कुणी विचारतच नाही."

त्यावर एक-दोघांनी घसा खाकरून आपापले आकडे सांगितले. ट्रेंट तोवर गाडीत बसला होता. बर्निसचा वाटा सगळ्यांत कमी होता, तेव्हा तिचा दरही सगळ्यांत कमी बसत होता. मी लामकडे पाहिलं. एक शब्द कमी-जास्त बोलला असता, डोळ्यांनी नुसतं विचारलं असतं, तर काय केलं असतं मी, कुणास ठाऊक. त्यानं हळूच मान हलवली, बर्निसच्या बाजूला.

मी करार बर्निसला दिला. पापांनी आणि मी तिच्या गाडीच्या टपावर कागद ठेवून सह्या केल्या. ऑगस्टच्या भावापेक्षा हा महागच होता. दोन वर्षं नवं यंत्र नाही, पत्र्याला रंग नाही. पण कारखाना चालणार होता, बोटी इथेच राहणार होत्या. बोटवाल्यांनी टोप्या उडवल्या नाहीत की काही नाही, उरलेले पाव वाटून घेतले आणि कामाला गेले.

लाम ओट्याखाली आईच्या बर्फाच्या लाद्या पिकअपमध्ये चढवत होता. मी खाली उतरले.

"सोमवारी मला नोकरी नसणार बहुतेक," तो लादी सरकवत म्हणाला. "ट्रेंट माझ्या साहेबाचा जुना मित्र आहे. एव्हाना फोन गेला असेल."

"वाईट वाटतंय?"

"साहेबाचं वाटतंय. आता फोन त्यालाच करावे लागतील." मग त्यानं हात पुसले. "दामारिस, तू मला करार दिला नाहीस."

"नाही दिला."

"सगळ्यांसमोर बोललो तरी."

"तू बोललास म्हणूनच नाही दिला," मी म्हणाले, आणि माझा आवाज चढायला लागला, मला तो आवरेना. "तुला दिला असता तर दर महिन्याला बिल आलं की मी विचार करत बसले असते, हा माझ्यासाठी येतो की वाट्यासाठी. पाच वर्षं. तुमच्या त्या घाणेरड्या धंद्यानं मला तेवढंसुद्धा धड कळू दिलं नसतं. आता तुला माझ्याकडून एक दमडी मिळायची नाही. बर्फ रोखीनं. तुझ्याकडे विकायला काही नाही, मला घ्यायचं काही नाही." श्वास घ्यायला मला थांबावंच लागलं. "तरी येशील?"

"येईन."

"कशाला?"

आता हा पुन्हा बुटांकडे बघणार असं वाटलं. नाही बघितलं.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. हळू नाही, कुजबुजत नाही. शेवटच्या बोटीवर जाळं धूत बसलेल्या म्हाताऱ्यानंही मान वर केली, इतक्या मोठ्यानं.

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा असा काही संताप आला की बोलायची सोय नाही. "हे ऑगस्टमध्ये बोलायला काय झालं होतं तुला?" मी म्हणाले, त्याच्या फाटक्या टी-शर्टचा गळा धरून त्याला जवळ ओढलं, आणि उत्तर द्यायला त्याच्या ओठांना जागाच ठेवली नाही.